आंब्याखालचे ऐंशी ट्रे

"सावलीत पऱ्हे नको टाकू, सूनबाई. सावलीतला पऱ्हा नुसता वर पाहाते."

बकारामांनी हे जूनच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि रीताने ते हसण्यावारी नेलं होतं. "मामाजी, मी बी.एस्सी. आहे ना!" असं वर ऐकवलंही होतं. आता पेरल्यापासून नवव्या दिवशी सासरे आंब्याखाली उकिडवे बसून ट्रेमधल्या पऱ्ह्यांवरून, धानाच्या कोवळ्या रोपांवरून, तळहात फिरवत होते. हात जाईल तिकडे रोपं आडवी होत होती, ती परत उठत नव्हती.

रीताचा चेहरा पडला. कालच तिने नवऱ्याला नागपूरला फोटो धाडला होता, 'आपले पऱ्हे गावात सगळ्यात उंच!' पऱ्ह्यांचं काम पहिल्यांदाच तिच्या हाती आलं होतं. ट्रेतले पऱ्हे वावरात लावणारं रोवणीचं यंत्र नऊ दिवसांनी येणार होतं. हे ऐंशी ट्रे वाया गेले तर यंदा वावर पडीक राहणार.

आंब्याची सावली तिने मुद्दाम निवडली होती. मागच्या मे महिन्यात दीड वर्षाच्या टीनाला ऊन लागलं, दोन दिवस सलाईन लावावी लागली. तेव्हापासून ऊन म्हटलं की रीता लेकीला उचलून आत न्यायची. लेक डोळ्यांसमोर, ट्रे डोळ्यांसमोर, दोघंही थंडाव्यात. किती छान सोय केली, असंच तिला वाटलं होतं.

"पण मामाजी, याच आंब्याखाली कोचई कशी माजली पाहा ना! सुपाएवढी पानं." रीताने अळूच्या गर्द पानांकडे बोट दाखवलं.

"कोचईले सावली मानवते. धान उन्हाचं लेकरू हाय. तुमच्या कालेजात सांगतलं नाई काय?"

सांगितलं होतं की! प्रॅक्टिकलच्या वहीत आकृतीसुद्धा काढली होती. रीता ताडकन उठली, मोबाइलवर उजेड मोजायचं अ‍ॅप उतरवलं, टीनाला कडेवर घेतलं. आंब्याखाली आकडा आला सहा हजार. ती अंगणाच्या मधोमध धावली.

"ब्याऐंशी हजार! मामाजी, ब्याऐंशी!"

"कायचे ब्याऐंशी?"

"उजेडाचे!"

"मले नाई लागला मोबाइल सांगाले."

पण रीताला आता थांबवणं कठीण होतं. रोपं वाढत नव्हतीच, ती उजेड शोधत होती. होतं नव्हतं ते सगळं त्यांनी उंचीत घातलं, बुडाशी काही उरलंच नाही. कोचईला घाई नव्हती. रुंद पानं पसरून ती पडेल तेवढ्या कवडशावर भागवत होती.

"चला, सगळे ट्रे बाहेर काढू!"

"एकदम? जळून जातीन ना वो."

मग रीताला साड्या सुचल्या. ट्रे अंगणात मांडले, बांबू रोवले, वर जुन्या साड्या ताणल्या. आधी दुहेरी, दोन दिवसांनी एकेरी, मग फक्त भर दुपारी. शेजारच्या निर्मलाबाई कुंपणातून डोकावल्या.

"काऊन वो रीता, मांडव कायले टाकून राहिली? लगन हाय काय?"

"पऱ्ह्यांचं, काकू! जुनी साडी असली तर आहेर करा."

त्यांनी तीन साड्या आणून दिल्या. रोज उजाडताच रीता चूळ भरायच्या आधी रोपांवरून हात फिरवून पाही. सहाव्या दिवशी हात पुढे सरकला आणि मागे रोपं टणकन उभी राहिली. हिरवी, गडद, खरखरीत.

"मामाजी, उठले! उठले!"

टीना टाळ्या पिटत अंगणभर नाचली. लेक भर उन्हात आहे, हे रीताच्या जरा उशिराच लक्षात आलं. तिने टोपी आणून घातली, पण उचलून आत नेलं नाही.

बावीस ट्रे मात्र आडवेच राहिले. रीताला रडू आलं. बकाराम एवढंच म्हणाले, "अठ्ठावन उठले. लय झाले."

यंत्र येऊन गेलं. बावीस ट्रे कमी पडून उरलेल्या पट्ट्यात बकारामांनी इकडून तिकडून मागून आणलेले पऱ्हे वाकून वाकून स्वतः रोवले. आता पावसाने उघडीप दिली आहे, मोकाट गुरं फिरतात, म्हणून बहात्तर वर्षांचे बकाराम दिवसभर त्या पट्ट्याजवळ बसतात. बांधावर एक झाड नाही. परवा त्यांना चक्कर आली, तेही शेजाऱ्याकडून कळलं. रीता टीनाला घेऊन दुपारी डबा देऊन येते, यापेक्षा जास्त वेळ तिला थांबता येत नाही. तिने काळी छत्री दिली, तर ती मिटलेली मांडीवर.

"उघडा ना ती, मामाजी!"

"सावली धानावर पडते, सूनबाई."

तेव्हा तिचं एवढंच मागणं आहे. सडक अर्जुनीवरून रायपूरकडे जात असाल आणि डाव्या हाताला, वावराच्या बांधावर, मांडीवर मिटलेली छत्री घेतलेला म्हातारा दिसला, तर गाडी जरा थांबवा. पाणी प्यालात का, विचारा. छत्री उघडायला लावा. धानाला तेवढ्याने काही होत नाही, असं ठासून सांगा. रीताने सांगितलं म्हणून मात्र सांगू नका.