सगुणाच्या खोलीचा गुलाबी

सगुणाने खोलीचं दार ढकललं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारही भिंती रंगवून झाल्या होत्या आणि गुलाबी चुकीचा होता.

चुकीचा म्हणजे किती, असं घरातल्यांना विचाराल तर अजिबात नाही. गुलाबी तो गुलाबी. कान्हू रंगाऱ्याने गेल्या आठवड्यात भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढून दाखवले, तेव्हा सासू इंदुबाईने मान इकडून तिकडे फिरवली आणि "दोन्ही एकच हायत" म्हणून ती पान कुटायला निघून गेली. सगुणाने मात्र ते पट्टे सकाळच्या उन्हात पाहिले, दुपारी खिडकी लावून पाहिले, ट्यूबलाइट लावून पाहिले. डावा जामाच्या सालीसारखा, थंड, किंचित निळसर. उजव्यात पिवळ्याची चिमूट. तिने डाव्यावर बोट ठेवलं. नवरा जगन तिथेच उभा होता आणि "ठीक हाय" म्हणाला होता.

भिंतींवर चढलेल्या उजव्याशी तिची ओळख जरा जास्तच होती. पेणच्या ज्या गणपतीच्या कारखान्यात ती कामाला जाते, तिथे देवाच्या अंगाला हाच रंग मारतात. दिवाळी सरली की तिच्याकडे फवारा मारायचं काम येतं, ते श्रावण संपेपर्यंत सुटत नाही. हा गुलाबी तिच्या नखांत, केसांत, भाकरीच्या फडक्यावर. शिंकली तरी गुलाबी. कामाला ती नावं ठेवत नसे, हात चांगला बसला होता तिचा. पण घरी आल्यावर माणसाच्या डोळ्यांना दुसरं काही हवं की नको?

आणि ही खोली तिची होती. लग्न झाल्यापासून ती मधल्या घरात निजत आली, जिथून घरातल्या प्रत्येकाला मागीलदारी जायचं असतं. शेवटी मागे नवी खोली काढली. दार कुठे, खिडकी केवढी, पलंग कोणत्या भिंतीला, सगळं इतरांनी ठरवलं. रंग तेवढा तू सांग, असं जगन म्हणाला होता. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला विचारलेली ती पहिली गोष्ट, आणि तिच्यावरही बोळा फिरवून मंडळी मोकळी झाली होती.

"कान्हूला हा रंग कुणी सांगितला?" तिने विचारलं.

"मी," इंदुबाई दारातून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर केवढं समाधान. "देवाच्या अंगाचा रंग हाय गो. तू देव रंगवतेस, तुझ्या खोलीला ह्योच शोभतो. चार माणसं नाव घेतील."

"मला नको हा. मी बदलणार."

"देवाच्या अंगावर दुसरा रंग चढवणार? हात धजतील तुझे?"

सगुणाला हसू आलं, पण ते रागाचं. कारखान्यात अंगाचा रंग बिघडला की पॉलिश पेपरने घासून काढतात आणि नव्याने मारतात. डोळ्यांची आखणी होईपर्यंत मूर्तीला कोणी हात जोडत नाही. तोवर ती फळीवर ठेवलेली माती. हे पेणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि इंदुबाईचा तर जन्मच या गावात गेलेला.

"डोळं काढल्यावर देव व्हतो, आई. या भिंतीला डोळं कुणी काढलं? कान्हूनं?"

इंदुबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी, ऐन हंगामात, सगुणाने कामाला दांडी मारली. बाजारातून डाव्या गुलाबीचा डबा आणला, पदर खोचला आणि भिंत घासायला घेतली. प्रत्येक घासण्यासरशी ती सासूला मनातल्या मनात सुनावत होती. जगनवर तिचा राग नव्हता. त्या बिचाऱ्याला रंगातलं काय कळतंय, आईने सांगितलं असेल, त्याला दोन्ही सारखेच दिसले असतील, अशी तिने त्याची समजूत स्वतःच घालून ठेवली होती. बायकांना ही एक खोडच असते.

रोह्याच्या कंपनीतली पहिली शिफ्ट संपवून जगन परतला तेव्हा दीड भिंत झाली होती. दोन्ही गुलाबी एकमेकांना खेटून होते. तो दारात थांबला.

"आता तरी दिसतो का फरक?" सगुणाने विचारलं.

"तवाबी दिसला व्हता," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "मग?"

"आयेच्या मनात तो व्हता. म्हटलं, तू काय बोलणार नायस. तू कधी बोलत नायस." चांगल्या सुनेचं कौतुक करावं तसं तो हे म्हणाला.

सगुणाला वाटलं, हातातला ब्रश याच्या तोंडावर फिरवावा. तो आंधळा असता तर तिने चालवून घेतलं असतं. पण याने पाहिलं होतं, नीट पाहिलं होतं, आणि तिला मोजलंच नव्हतं. घरात कटकट नको म्हणून तिने इतकी वर्षं मूग गिळले, त्याचा याने हा अर्थ लावला होता. सासूवरचा राग तिला आता अगदीच किरकोळ वाटला.

"मग आता ऐका," ती म्हणाली. "ही खोली माझी हाय. तुमचं अंथरूण पडवीत. मला बोलवावंसं वाटलं तर बोलवीन."

जगन हसला. ती हसली नाही, तेव्हा तो पडवीत जागा बघायला गेला.