शाळेने शिकवलेलं वाक्य

दार तीनदा वाजवायचं. दोनदा वाजवणं म्हणजे संडासात कुणी आहे का ते बघणं.

यंदा सान्मा मासा बारीक आला आहे. बाजारातली बाई म्हणते, समुद्रालाच भूक लागलीय, आपल्याला काय देणार.

ओरिकासांच्या घरात हातमोजे नाहीत. बर्फ पडला तरी बाबा खिशात हात घालून कामाला जातात.

खुर्चीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही. बसल्यावर पाठ टेकायची नाही.

एका मुलाला एकच कंपनी.

ओरिकासा हे आडनाव अख्ख्या कामिझाकी गावात एकाच दारावर आहे.

*

यातलं मासा आणि हातमोजे सोडलं, तर बाकी सगळं कामिझाकीच्या तांत्रिक शाळेतल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना झोपेत विचारलं तरी येतं. जुलैत कंपन्यांच्या नोकरीच्या जागा शाळेत येतात. कोणत्या जागेसाठी कुणाला पाठवायचं हे शाळा ठरवते. ज्याला पाठवलं त्याने तेवढ्याच कंपनीत जायचं, निकाल लागेपर्यंत दुसरीकडे बघायचंही नाही. निवड झाली तर नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं तर ती कंपनी पुढच्या वर्षी शाळेच्या दारात उभी राहत नाही, आणि मागची मुलं तुमच्या नावाने बोटं मोडतात.

कुरोमोरी वाल्व या कारखान्याने यंदा एकच जागा दिली होती. गावात बाकी काय, मासळी डब्यात भरायची किंवा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. कुरोमोरीत मात्र आत घेतलेल्या मुलांसाठी स्वतःची प्रशिक्षण शाळा आहे. एप्रिलपासून पहिलं वर्षभर पगार घेऊन नुसतं शिकायचं. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, जुन्या कारागिरांच्या हाताखाली. त्यातली निवडक मुलं देशपातळीवरच्या स्पर्धेला उतरतात.

त्या एका जागेसाठी दोघींनी हात वर केला, चिझुरू ओरिकासा आणि तिच्याच बाकावर बसणारी तोमोए मुरोई. शिक्षकांची बैठक झाली आणि चिझुरूचं नाव निघालं. तोमोएला डबेबंद मासळीच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीची जागा मिळाली. तिने दोन दिवस चिझुरूशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाली, “माझी कंपनी ढापलीस ना? आता निदान नापास होऊन माझा अपमान करू नकोस.”

*

वाक्य असं आहे: शाळेच्या सूचनेनुसार या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही.

मुलाखतीत काही गोष्टी विचारायला कायद्याने मनाई आहे. घर कुठल्या वस्तीत आहे, वडील काय करतात, घरात कोण कोण आहे, कुठली पुस्तकं आवडतात. तरी एखादा विचारतोच, कधी मुद्दाम, कधी गप्पांच्या ओघात. मग हे वाक्य म्हणायचं. मुलांना नोकरीला लावण्याचं काम ज्यांच्याकडे आहे ते निहेई सर ऑगस्टभर मुलाखत घेणाऱ्याचं सोंग करत. बसवायचे, हवापाण्यावर बोलायचे, आणि मध्येच हळूच, “तुझे वडील कुठे असतात कामाला?” जो उत्तर देईल त्याला मैदानाला एक फेरी. शेवटी शेवटी वर्गाला इतकी सवय झाली की कँटीनच्या बाईने कुणाच्या आईची तब्येत विचारली तरी पोरं एका सुरात ते वाक्य म्हणायची.

चिझुरूने ते म्हटलं तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही. तिच्या बाबांचं गावाला माहीत होतं.

*

तिलाही जे माहीत होतं ते आईकडूनच. चिझुरू पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. बाबा, मासानोबू ओरिकासा, कुरोमोरीत लेथवर होते. फेब्रुवारीतल्या एका सकाळी शेडमधली शेगडी बंद पडली होती, लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटत होती. फोरमनने सुती हातमोज्यांचा गठ्ठा आणून सगळ्यांना वाटला. माल त्याच दिवशी जायचा होता. दुपारच्या आत लेथवर फिरणाऱ्या लोखंडाने मोजा ओढला आणि मोज्याबरोबर दोन बोटं नेली.

चौकशीत फोरमन म्हणाला की ओरिकासाने नियम मोडून स्वतःच मोजे घातले. बाबा म्हणाले की मोजे तुम्ही वाटलेत. शेडमधल्या बाकीच्यांनी खाली बघितलं. बाबांनी नोकरी सोडली. आता ते वृद्धाश्रमाची गाडी चालवतात, म्हाताऱ्यांना सकाळी आणतात, संध्याकाळी घरी सोडतात. फोरमनचं नाव सावाबे. यंदा ते कुरोमोरीचे कारखानाप्रमुख आहेत, आणि मुलाखतीला तेच बसतात.

शाळेने नाव काढल्याचं चिझुरूने घरी सांगितलं तेव्हा बाबा मिसोचं सूप पीत होते. ते पिऊन झालं. वाटी खाली ठेवली.

“माझं विचारलं तर ते शाळेचं वाक्य म्हण,” ते म्हणाले.

“बाबा, पण—”

“मी मेलो म्हणालीस तरी चालेल. फक्त कधी मेलो ते आईला विचारून ठेव, मागाहून गोंधळ नको.”

आई म्हणाली, “एकोणपन्नासाव्या दिवसाचं श्राद्धाचं जेवण मला घालावं लागेल, त्यापेक्षा वाक्यच म्हण.” एवढंच बोलणं झालं. लेथचं, कारखान्याचं कुणी काही काढलं नाही. त्या घरात तो विषय निघतच नसे.

*

टक. टक. टक.

“आत या.”

लांब टेबल. पलीकडे तिघे. कडेला कर्मचारी विभागाच्या बाई, हातात पेन. दुसऱ्या कडेला प्रशिक्षण शाळेचे प्रमुख, गळ्यात चष्मा. मध्ये सावाबे. चिझुरूने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं ते दणकट असतील. टक्कल पडलेला, मान बारीक झालेला माणूस होता.

ती खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहिली. शाळेचं नाव, स्वतःचं नाव सांगितलं. नाव सांगताना आवाज चढला, तो तिला आवरता आला नाही.

बसा. बसली. पाठ टेकली नाही.

आमच्याकडेच का यायचंय, असं बाईंनी विचारलं. चिझुरूने पाठ केलेलं सांगितलं आणि वर पाठ न केलेलंही थोडं सांगितलं, की उन्हाळ्यात कारखाना दाखवायला नेलं तेव्हा एक कारागीर कान मशीनकडे करून, डोळे मिटून ऐकत होता, ते तिला शिकायचंय. प्रमुखांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. शाळेत कुठल्या कामात चूक झाली, ती कशी सुधारली, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. ते दोनदा मान हलवून काहीतरी लिहून घेत होते. सगळं नीट चाललं होतं.

सावाबे अजून बोलले नव्हते. त्यांच्यासमोर तिचा अर्ज होता, पण ते त्याकडे बघत नव्हते.

“ओरिकासा,” ते म्हणाले. “असं आडनाव फारसं नाही.”

बाईंचं पेन थांबलं.

“मासानोबू ओरिकासा तुझे कोण?”

“साहेब,” बाई हळू आवाजात म्हणाल्या.

चिझुरूला वेळ हवा होता. अगदी थोडा, श्वास घेण्याइतका. हो म्हणायचं की नाही म्हणायचं एवढं ठरवायला. पण ऑगस्टभर मैदानाला फेऱ्या घालून घालून तोंडाला जे वळण लागलं होतं ते तिच्यासाठी थांबलं नाही.

“शाळेच्या सूचनेनुसार या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकत नाही.”

स्पष्ट, सावकाश, शब्दाशब्दात जागा ठेवून. निहेई सर असते तर शाबास म्हणाले असते.

बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. सावाबेंनीही. त्यांचे खांदे थोडे खाली आले ते चिझुरूने पाहिलं. त्यांना हेच उत्तर हवं होतं. शेडमध्ये सगळ्यांनी खाली बघितलं होतं, आज तिनेही बघितलं. खाली खरंच जमिनीकडे, स्वतःच्या बुटांकडे. बाबा कुठेच नव्हते. मेले म्हटलं असतं तर निदान कधीतरी होते असं तरी झालं असतं.

प्रशिक्षण शाळेच्या प्रमुखांनी घसा खाकरला. वातावरण सैल करायचं म्हणून सगळ्यात सोपा प्रश्न काढला. लेथ सुरू करायच्या आधी सगळ्यात पहिलं काय करतेस?

“हातमोजे काढते,” चिझुरू म्हणाली.

“बरोबर. फिरत्या मशीनपुढे मोजे नकोत. बरीच मुलं तेलापासून सुरुवात करतात. कुणी शिकवलं?”

तिने प्रमुखांकडे बघितलं नाही.

“माझ्या वडिलांनी.”

आता यात मनाई कसली. बाईंचं पेन कागदावर तसंच राहिलं, काय लिहावं ते त्यांना कळेना. वडील काय करतात हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं. सावाबेंनी टेबलावरचे दोन्ही हात हळूहळू खाली, मांडीवर घेतले.

“चांगलं शिकवलं,” ते म्हणाले.

*

मुलाखतीनंतर सरळ शाळेत यायचं आणि निहेई सरांना सगळं सांगायचं, ही रीत आहे. पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोग होतो. सरांनी चहा पुढे सरकवला आणि विचारलं, “विचारू नये ते काही विचारलं का?”

तिने सांगितलं. हे कळवायचं तर रोजगार कार्यालयाला कळवायचं, तिथून कंपनीला समज जाणार, आणि निकाल तर अजून लागायचाय. तिची जागा जाऊ शकते, शाळेची जागाही जाऊ शकते, आणि दुसऱ्या फेरीत उरतात त्या जागा कसल्या असतात हे तिलाही ठाऊक आहे. हे सगळं सरांनी तिला सावकाश सांगितलं. मग म्हणाले, “तू आपलं वाक्य म्हटलंस ना? मग कुणाचं काही बिघडलं नाही. निकाल येईपर्यंत थांबू या.”

“सर, वाक्य बरोबर म्हटलं. पण म्हणताना मी बाबांना पुसून टाकलं.”

सरांनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं.

“पुढच्या वर्षी कुणाचा तरी काका निघेल तिथला. त्यालाही तेच विचारतील. तुम्हीच म्हणता ना, झालं ते सांगायचं.”

“मी म्हणतो,” सर म्हणाले, “कारण मला कधी फोन करावा लागला नव्हता.” त्यांनी चहा संपवला. मग तिच्यासमोरच रोजगार कार्यालयाला फोन लावला, आणि बोलताना उभे राहिले.

*

संध्याकाळी बाबांनी विचारलं, कोण कोण होतं.

“सावाबे होते.”

“केस पांढरे झाले असतील.”

“टक्कल पडलंय.”

बाबा हसले. आईने वळून बघितलं, कारण असा आवाज त्या घरात बऱ्याच दिवसांनी झाला होता. मग, काही विचारलं का? विचारलं. वाक्य म्हणालीस? म्हणाले. बाबांनी मान हलवली आणि माशाचा काटा काढू लागले, डाव्या हाताने. ‘कुणी शिकवलं’ या प्रश्नाचं तिने सांगितलं नाही.

*

वाट बघण्याच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तोमोएचा निकाल आला, ती पास झाली. वर्गातली एकेक मुलं ध्वनिक्षेपकावरून बोलावली जात आणि परत येत, कुणी दात दाखवत, कुणी नळावर तोंड धुऊन. कर्मचारी विभागाच्या बाई एकदा शाळेत येऊन मुख्याध्यापकांपुढे कमरेत वाकून माफी मागून गेल्या. हे सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं आणि सगळे चिझुरूकडे बघू लागले. मागच्या वर्गातल्या एका मुलीने जिन्यात तिची वाट अडवली. आमची जागा घालवलीस का, असं विचारलं. तोमोए त्या मुलीला म्हणाली, “आधी गणितात पास हो, मग जागा मोज.”

मग एका दुपारी लेथच्या तासाला ध्वनिक्षेपक खरखरला. तिसरं वर्ष, यांत्रिक विभाग, ओरिकासा. चिझुरूने मशीन बंद केलं. पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिली. मगच निघाली.

निहेई सरांनी बस म्हटलं नाही. तेच उभे होते.

“घेतलं,” ते म्हणाले. “आणि पुढच्या वर्षीची जागाही कायम ठेवलीय. मुलाखतीला सावाबे बसणार नाहीत, असं त्यांनी स्वतः कळवलंय. कारखान्यात मात्र असतील. तुला रोज दिसतील.” मग म्हणाले, “नाही म्हणता येणार नाही, हे तुला माहीत आहे.”

“माहीत आहे, सर.”

ती सायकलने वृद्धाश्रमाकडे गेली. बाबा गाडीच्या मागच्या दाराशी एका आजीला खाली उतरवत होते, तीन बोटांच्या हाताने त्यांचा कोपर धरून. आजी नव्वदीच्या पुढच्या असाव्यात आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. चिझुरू थांबली. आजी आत गेल्यावर तिने सांगितलं.

बाबांनी गाडीचं दार लावलं. पुन्हा उघडून पुन्हा लावलं, नीट बसलं नव्हतं म्हणून.

“एप्रिलमध्ये बसस्टॉपवर वारा असतो,” ते म्हणाले. “हातमोजे घे.”

“घेते.”

“आत गेल्यावर—”

“काढते.”

ते गाडीला वळसा घालून पुढे गेले आणि आपल्या जागेवर बसले.

फिरत्या मशीनपुढे हातमोजे घालायचे नाहीत, हे चिझुरूला पहिल्या वर्षी, लेथच्या पहिल्याच तासाला, निहेई सरांनी शिकवलं होतं.