दलदलीत रुतलेली घरगाडी

मी एक जुनी घरगाडी आहे. भंगारवाल्याच्या अंगणात नव्हे, माझ्या स्वतःच्या चाकांवर उभी राहून बोलते आहे. तेव्हा मित्रांनो, जरा मान देऊन ऐका!

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या पोटात दोन पलंग, एक न्हाणी आणि गॅसची शेगडी होती. लुईझियानातल्या ओनेसिम व्हेरे आणि त्याची बायको सेलिमा यांनी मला घरी आणले. मी त्यांना डोंगर दाखवले, वाळवंट दाखवले. टेक्सासात लेकीच्या बाळंतपणाला सेलिमाला मीच घेऊन गेले. वाटेत लोक थांबून म्हणायचे, "काय देखणी गाडी आहे!" खोटे कशाला बोलू, मी हुरळून जायची.

मग ओनेसिमचे गुडघे धरले आणि मी शेडमागे पडून राहिले. छतावर शेवाळ चढले, चाकांत वेली शिरल्या, शेगडीखाली उंदरांनी संसार थाटला. ओनेसिमच्या धाकट्या भावाने, उलिसने, नवा कोरा ट्रक घेतला होता. येता-जाता तो माझ्या दारावर थाप मारायचा. "दादा, हे धूड कशाला पोसतोस? सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो." शेवटी एकदा ओनेसिमने मान डोलावली. मला फार वाईट वाटले.

पण सेलिमा अडून बसली. "थंडीचा पहिला वारा सुटलाय. सगळं घर रविवारी दलदलीकाठी जमणार. गंबोचा दाट रस्सा मी हिच्याच शेगडीवर करणार. हिनं नीट नेलं-आणलं तर ठेवायची. वाटेत बसली तर खुशाल विका."

तिने उंदरांना हाकलले, तेल बदलले, काचा पुसल्या. त्या एका सहलीवर माझा जीव टांगला होता.

तिथवर मी झोकात गेले. ओनेसिमचा जन्म त्याच चिखलात गेलेला, तरी सेलिमाला पाणी दिसावे म्हणून त्याने मला अगदी काठावर, सायप्रसच्या झाडाच्या सावलीत उभे केले. जमीन वरून वाळलेली होती, आत नुसता लोण्यासारखा चिखल. गप्पांच्या नादात कुणाच्या ध्यानात आले नाही. सेलिमाने बिडाच्या भांड्यात तेल घालून पीठ परतायला घेतले. गंबोचा सगळा जीव त्या पिठात. ते गडद तपकिरी होईपर्यंत हात थांबवायचा नाही, थांबला की करपले. आमच्याकडच्या बायका घराला आग लागली तरी आधी पीठ सांभाळतील.

आणि माझी मागची चाके खचली.

"वहिनी, बाहेर या! गाडी पाण्यात चाललीय!" उलिस ओरडला.

"पीठ आत्ता कुठं रंगावर येतंय. तुम्ही गाडी बघा, मी पीठ बघते."

"अगं, पलीकडे मगर बसलीय!" ओनेसिम कळवळला.

"तिला म्हणावं, अजून शिजलं नाही."

तिने शेगडी बंद केली, पण बीड तापलेलेच होते. भांडे शेगडीशेजारच्या मोरीत घट्ट बसवून ती ढवळतच राहिली. उलिसने दोर बांधला आणि ऐटीत ट्रक ओढायला लावला. मी हलले नाही, त्याचाच ट्रक पोटापर्यंत रुतला. करायला गेला गणपती, झाला मारुती! मी संकटातही मनात हसून घेतले.

"झाली हौस?" सेलिमा खिडकीतून कडाडली. "ओनेसिम, टायरमधली थोडी हवा सोड. होड्यांच्या धक्क्यावरच्या फळ्या घाला चाकांखाली. आणि तिला शिव्या न देता सुरू कर!"

किल्ली फिरली. मी खोकले. पुन्हा फिरली, पुन्हा खोकले. सोमवार मला डोळ्यांसमोर दिसू लागला. तिसऱ्यांदा मात्र इंजिनाने असा हुंकार दिला की मगर सुळकन पाण्यात गेली! सगळ्या घराने खांदे लावले. फळ्या करकरल्या, चिखल उडाला आणि मी कोरड्यावर आले. मग त्याच दोराने मी उलिसचा नवा कोरा ट्रक ओढून काढला. हो, मी, भंगाराने!

सेलिमा भांडे घेऊन दारात आली. पीठ जुन्या तांब्याच्या रंगाचे झाले होते, एक कण करपला नव्हता. अशी आरोळी उठली की झाडांवरचे बगळे उडाले.

गंबोचा तिसरा वाडगा संपवून उलिस खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगतो."

"ते होईल सावकाश. आधी तिच्या चाकांचा चिखल धुवा, भाऊजी."

आणि खरोखर, उलिस बादली घेऊन माझ्यापुढे गुडघे टेकून बसला. आयुष्यात माझे खूप कौतुक झाले, पण त्या संध्याकाळइतकी मी कधीच ताठ उभी राहिले नव्हते.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे माझ्यासारखे कुणी गप्प पडून असेल. टाकून देण्याआधी त्याची धूळ पुसा, तेलपाणी करा आणि किल्ली फिरवून बघा. आम्ही खोकलो तर रागावू नका. पुन्हा एकदा फिरवा.