पाटी आली नाही तर

"पाटी आली नाही तर त्याच दिवशी आधीच्या घराचं दार वाजवायचं हं. उद्यावर ढकलायचं नाही," गल्लीचा कारभार बघणाऱ्या इनागाकी आजींनी बजावलं, तेव्हा मिहोको तान्ह्या रिकूचा लंगोट बदलत होती. "हो हो," म्हणाली आणि विसरून गेली.

गल्लीतल्या नऊ घरांत सूचनांची ती पाटी फिरे. वाचायची, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, पुढच्या घराच्या दारात ठेवायची. पहिल्या घरातले त्सुकुदा आजोबा एक आणि पंधरा तारखेला पाटीवर लावायचा कागद कम्प्युटरवर लिहून छापत. दुसरं घर मिहोकोचं. पाटी अडली तर सगळ्यांत आधी कळणार तिलाच.

दर अपडेटनंतर आजोबांचा प्रिंटर बंद पडे. कॉलेजात मिहोको कम्प्युटरच शिकलेली, म्हणून रिकूला पाठीला बांधून जाई.

"बायको रुसली तरी जेवायला वाढायची. हा तर ओळखच देत नाही."

"आजोबा, बटण किती वेळा दाबलंत?"

"ऐकू गेलं नसेल म्हणून दाबत राहिलो."

ती हसत सगळं जुळवून द्यायची. आजोबा दोन पेले चहा ओतायचे. "बसा की जरा."

"पुढच्या वेळी नक्की," म्हणून ती उठायची. दुसरा पेला तसाच राहायचा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा अपडेट आलं. त्याच रविवारी रिकूला ताप भरला. ती दवाखान्यातून परतली तेव्हा आजोबा पायरीवरचा बर्फ ओढत होते. "बाळाला जपा," एवढंच म्हणाले.

सोमवारी मार्चची पहिली तारीख. पाटी आली नाही. प्रिंटर रुसला असणार, बोलावतील, असं तिच्या मनात आलं. मंगळवार तापातच गेला. बुधवारी रिकूचं अंग निवलं. खिडकीत त्याचे मोजे वाळत घालताना तिला आजोबांची पायरी दिसली. नव्याने पडलेल्या बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं. उद्या जाऊ, ती स्वतःशी म्हणाली.

गुरुवारी गेली, तर आजोबा टेबलाशी पडलेले. सोमवारी पडले आणि बुधवारी गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं. बुधवारी कधी, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

पुढे पाटीचं काम तिच्याकडे आलं. इनागाकी आजी टोचून बोलतील म्हणून ती मान खाली घालून उभी होती. आजींनी नुसती आजोबांच्या घराची किल्ली तिच्या हातात ठेवली. "जमेल ना गं तुला?"

रिकूला पाठीला बांधून ती आजोबांच्या खुर्चीत बसली. अपडेटनंतर प्रिंटरवर 'ऑफलाइन' असा शेरा बसला होता. तिने तो काढला. यंत्र घुरघुरलं आणि अडकून पडलेला कागद आपणहून बाहेर आला. मग दुसरा, तिसरा. एकाच मजकुराचे सात.

'प्रिंटर रुसला आहे. पाटीला उशीर होईल, क्षमा असावी. शेजारच्या बाळाला ताप आहे, तरी त्याच्या आईला कुणी बोलावू नये.'

सातही कागद तिने नीट जुळवले. सगळ्यांत वरच्या कागदावर आपला शिक्का मारला.

मग तिने नवा कागद लिहायला घेतला. कचऱ्याचा बदललेला वार, बर्फ काढायची पाळी. खाली थोडी जागा उरली होती. तिथे तिने लिहिलं :

'हे वाचणाऱ्याने शिक्का मारण्याआधी शेजारी एकटं राहणाऱ्या माणसाचं दार वाजवून यावं. यंत्र बिघडलं असेल, असं समजू नये. आजच जावं.'