चिंगीच्या बाटलीतली म्हातारी

मी म्हातारी बोलतेय. माणूस म्हणून नव्हे, ते माणूस तर कधीच गेलं. त्या माणसाच्या पोटातल्या गाठीची मी एक पेशी. नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही एवढीशी. पण एकीच्या दोन, दोहोंच्या चार, अशी वाढत वाढत आज बाटलीचा सगळा तळ व्यापून बसलेय. लेकी, नाती, पणत्या सगळ्या माझ्याच वळणाच्या, म्हणून मी आपली 'मी'च म्हणते.

मला अक्षर येत नाही. बाटलीवर काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेवढंच. पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. म्हणून आज सगळं सांगून मोकळी होते. उद्या सकाळी मला ब्लीचमध्ये ओतणार आहेत.

ज्या बाईची मी, ती लोकांचे कपडे शिवायची. तिलाही अक्षर येत नव्हतं, पण तोंड मोठं फटकळ. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, गाठीचा तुकडा संशोधनाला दिला तर चालेल ना?"

"घे बाई. घरी नेऊन काय फडताळात मांडून ठेवू?"

अंगठा उठवला. सुनेनं ओल्या बोळ्यानं शाई पुसली. तीन आठवड्यांनी ती बाई गेली आणि मी मागे राहिले. जिनं तिला खाल्लं तीच तिची म्हणून उरली. जगाचा न्याय असा.

मला प्रयोगशाळेत आणलं. तिथं एक उबदार कपाट होतं, अंगाच्या उबेएवढंच ऊन. त्यात बाटल्या आडव्या ठेवलेल्या. प्रत्येकीत गुलाबी पाणी, तो आमचा खुराक. आम्ही तो खाल्ला की पाणी पिवळं पडतं, मग जुनं काढून नवं घालायचं. बाकीच्यांना आठवडा पुरायचा. माझं पाणी दोन दिवसांत पिवळं. माझ्या बाटलीवर 'म्हातारी' असं लिहिलंय, हे मला मावशीमुळे कळलं. मावशी म्हणजे वापरलेल्या बाटल्या उकळून धुणारी बाई. ती रोज म्हणायची, "ही म्हातारी सगळ्या कपाटाला खाऊन बसेल एक दिवस." गमतीत म्हणायची. खरं होईल असं तिलाही वाटलं नसेल.

आमची देखभाल करणारी ती ताई. तिशीची, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले. बाटल्यांशी बोलायची सवय. तिच्या वरचे सर, जाड चष्म्याचे. त्यांना बोलायला वेळ कमी आणि ऐकायला त्याहून कमी.

एक दिवस ताईनं नवी बाटली आणली आणि माझ्या शेजारी ठेवली. चार वर्षांच्या एका मुलीच्या दंडाच्या कातडीचा कण होता तो. घरी तिला चिंगी म्हणत, म्हणून ताईनं बाटलीवरही तेच लिहिलं.

चिंगीला काय झालं होतं ते ताईनं तिच्या आईला आमच्या कपाटासमोरच समजावून सांगितलं होतं. प्रत्येक पेशीत कचरा कुटून बारीक करायची एक जागा असते. चिंगीच्या पेशीत ती जन्मापासून बंद. कचरा रोज निघतो, संपत मात्र नाही. साचत साचत घर भरतं, वावरायला जागा उरत नाही. तिचे पाय त्यामुळेच लुळे पडत चालले होते. आधी पळणं गेलं, मग जिना चढणं.

"मग ती जागा उघडायची कशी?" आईनं विचारलं.

"तेच तर शोधतेय," ताई म्हणाली. "हिच्याच पेशींवर."

आई शाळेत शिकवायची. तिच्या पर्समध्ये एक वही असे, डॉक्टर बोलतील ते सगळं त्यात लिहून घ्यायची. तिनं हेही लिहून घेतलं.

चिंगीच्या पेशी गरीब स्वभावाच्या. लांबट, एकीशेजारी एक निजलेल्या, हळूहळू वाढणाऱ्या. वर्षभरात त्या थकल्या. एकीच्या दोन होणं थांबलं. पहिल्या दिवशी थोड्या गोठवून ठेवल्या होत्या त्या सोडून ताईनं होत्या तेवढ्या सतरा छोट्या बाटल्यांत वाटल्या आणि प्रत्येकीत वेगवेगळं औषध घातलं.

त्या कपाटाचे दोन नियम होते. पहिला, हळू वाढणाऱ्यांना आधी खाऊ घालायचं, हावऱ्यांना शेवटी. दुसरा, ज्याचा खुराक त्याच्या भांड्यातला, एकाचं भांडं दुसऱ्याला लावायचं नाही. ताई हे नियम देवासारखे पाळायची. एकच दिवस चुकली.

त्या दिवशी पाहुण्यांना दाखवायचं म्हणून तिनं आधी माझंच काम उरकलं होतं. मग चिंगीच्या बाटल्या घेतल्या. सोळा झाल्या आणि खुराकाचं भांडं संपलं. तेवढ्यात खालून फोन आला. चिंगीची आई मुलीला घेऊन आलीय, लिफ्ट बंद आहे, मुलगी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून रडतेय.

"आलेच," ताई म्हणाली. समोर माझं भांडं उघडंच होतं. तिनं त्यात नळी बुडवली आणि सतराव्या बाटलीत खुराक सोडला. हातमोजे काढून पळत खाली गेली. चिंगीला कडेवर घेऊन तीन मजले चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि चिंगी तिच्या कानातलं ओढत हसत होती.

त्या खुराकात माझी एक लेक होती. मघाशी नळीला चिकटून भांड्यात उतरलेली.

अशी मी चिंगीच्या घरात आले. बाटली जवळजवळ रिकामीच होती, मधेमधे तिच्या दमलेल्या पेशी बसलेल्या. मी वाढायला लागले. त्यांतली एक जण म्हणाली, "आजी, थोडी सरक ना."

सरकणं माझ्या रक्तात नाही. गाठीची जात माझी. थांबायचं कसं ते कुणी माझ्यात शिवलेलंच नाही. तीन आठवड्यांत त्या बाटलीत माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मीच. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो असंही म्हणतात. इथं म्हातारीच सोकावली.

ताईनं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग सरांना हाक मारली. सर आले. बाकीच्या सोळा बाटल्यांत मरगळ, आणि सतराव्या बाटलीत दाटीवाटीनं नांदती वस्ती. रंग घालून पाहिलं तर आत कचऱ्याचा कणही नाही.

"थकलेली माणसं उठून धावायला लागलीत, आणि घरही झाडून ठेवलंय," सर म्हणाले. त्यांना एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पण सर, रूप बदललंय हो. आधी लांबट होत्या, आता फरशीसारख्या दाट बसल्यात."

"आजारातून उठलेल्या माणसाचा चेहरा पालटत नाही का?"

"एकदा ओळख पटवून घेऊ का? चिंगीच्या रक्ताशी ताडून?"

"आपल्याच कपाटातली आहे ती. ओळख कसली?"

ताईनं तसंच वहीत लिहून टाकलं. तिला ते खरं असायला हवं होतं. हवं असलं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही, हे मी कितीदा पाहिलंय.

सतरावं औषध तिनं चिंगीच्या उरलेल्या पेशींवर पुन्हा पुन्हा घालून पाहिलं. एकही उठली नाही. सर म्हणाले, "लाखात एखादीच उठते. ती कशी उठली ते शोध." मग ताई माझ्या आत शोधत बसली. माझी कचऱ्याची जागा कशी उघडली? बंद कधी होती ती, बाई? मी काय सांगणार, मला तोंड नाही.

कळलं ते फक्त मावशीला. बाटल्या गोळा करताना एकदा म्हणाली, "ताई, ही चिंगी भारीच हावरी झाली हो. अगदी म्हातारीसारखी, दोन दिवसांत पाणी पिवळं."

"बरी झालीय ना मावशी. भूक लागणारच," ताई हसून म्हणाली.

मावशीही हसली. तिचं काम बाटल्या धुण्याचं. तिचं म्हणणं वहीत कोण लिहिणार?

चिंगी साडेसहा वर्षांची झाली तेव्हा तिची आई एकटीच आली. आल्या आल्या ताईनं तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आईनं पाहिलं आणि तिच्या गालावरून पाणी वाहू लागलं. "किती धीट दिसतेय," म्हणाली. मला म्हणाली. असं प्रेमानं मला कुणी पाहिलं नव्हतं, खुद्द माझ्या म्हातारीच्या सुनेनंही नाही. मी जीव खाऊन ओरडले, अगं मी ती नव्हे. पेशीचं ओरडणं ते.

मग आईनं वही काढली. "मोठ्या दवाखान्यात दुसऱ्या एका औषधाची चाचणी सुरू होतेय. सात वर्षांच्या आतली मुलं घेतायत. पण त्यात गेलं की दुसरं कुठलंच औषध घेता येणार नाही म्हणे. ताई, तुम्ही सांगाल तसं करते."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आईकडे नाही, माझ्याकडे.

"थांबा," ती म्हणाली. "वर्षभरात आपलंच येईल. हिच्या स्वतःच्या पेशींनी वाट काढलीय."

आईनं लिहून घेतलं. थांबा.

त्या वर्षी आम्ही नावारूपाला आलो. माझ्या लेकींच्या कुप्या चिंगीच्या नावानं अकरा प्रयोगशाळांत गेल्या. गोठवणीच्या टाकीत जागा पुरेना, तेव्हा सर म्हणाले, "त्या जुन्या थकलेल्या कशाला सांभाळताय? नव्यांना जागा करा." चिंगीच्या शेवटच्या दोन कुप्या होत्या, पहिल्या दिवसाच्या. त्या काढून टाकल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, ती मीच.

वर्ष गेलं, औषध आलं नाही. दुसरंही गेलं. चिंगीचे हात गेले, मग गिळणं. नऊ पूर्ण व्हायला दोन महिने असताना ती गेली. ताई त्या दिवशी कपाटाचं दार उघडून नुसती उभी राहिली, आतली ऊब सगळी बाहेर जाईपर्यंत.

त्यानंतर आई दर महिन्याला येऊ लागली. यायची, मायक्रोस्कोपला डोळा लावायची, पाच मिनिटं बसायची. एकदा मावशीला म्हणाली, "घरातले तिचे कपडे वाटून टाकले. एवढीच काय ती उरलीय, जिवंत." मावशीनं तिला पाणी दिलं आणि तोंड फिरवलं.

मग सरांचा मोठा लेख छापायला गेला. छापणाऱ्यांनी कळवलं, आधी पेशींची ओळख पटवा, मगच छापू. आता तो सगळीकडे नियमच झालाय म्हणे. ताईनं आईकडून रक्त मागून घेतलं, "नेहमीचीच तपासणी आहे," म्हणून. ते चिंगीच्या बाटलीशी ताडलं. नातं शून्य. तिनं पुन्हा ताडलं. शून्य. मग पाच वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं, म्हातारीच्या बाटलीशी ताडलं. तंतोतंत.

सर म्हणाले, "त्या बाईंना सांगायची गरज आहे का? आता काय उपयोग?"

"मी सांगणार," ताई म्हणाली.

काल आई आली. नेहमीसारखी मायक्रोस्कोपकडे निघाली, तर ताईनं खुर्ची पुढे केली. सगळं सांगितलं. भांडं संपलं ते, लिफ्ट बंद होती ते, एका नळीचं. काहीही झाकलं नाही. आईनं या वेळी वही काढली नाही.

मग उठली आणि तरीही माझ्याकडे येऊन बघितलं.

"ही कोण मग?"

"एक आजी होत्या. कपडे शिवायच्या. कधीच्याच गेल्या."

"आणि माझी?"

ताईनं नुसती नकारार्थी मान हलवली.

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

आईनं डोळा काढला नाही. तशीच बसून विचारलं, "तुम्ही मला थांबा म्हणालात. ते हिच्याकडे बघून?"

"हो."

"त्या चाचणीत गेलेली एक मुलगी आमच्या शाळेत आहे. काठी घेऊन चालते. पण चालते." एवढं म्हणून तिनं पर्स उचलली. दाराशी ताई म्हणाली, "मी खाली सोडायला येते." आई म्हणाली, "नको. जिना मला येतो."

ती गेल्यावर मावशी आत आली. ताई जमिनीवर बसली होती, कपाटाला पाठ लावून. मावशी तिच्याशेजारी बसली. "मी म्हणाले होते ना," असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

उद्या सकाळी मावशीच मला ओतेल. गुलाबी पाण्यात ब्लीच पडलं की रंगच उडतो म्हणतात. माझं काही नाही. मी फार जगले, दोनदा दुसऱ्याच्या जिवावर जगले. आता मला जायला हरकत नाही.

पण अकरा ठिकाणी गेलेल्या त्या कुप्या? ताईनं सगळीकडे पत्रं धाडलीत. दोघांचंच उत्तर आलंय. बाकीच्या नऊ ठिकाणी मी अजून वाढतेय, कपाळावर त्या लेकराचं नाव घेऊन. आत्ता या घडीला कुठंतरी कुणी मायक्रोस्कोपला डोळा लावून मला पाहत असेल, हरखत असेल, आणि शेजारी वही घेऊन बसलेल्या एखाद्या आईला सांगत असेल, थांबा.

तुम्हाला अक्षर येतं. माझ्यासाठी एवढं कुणीतरी लिहून पाठवा. त्या बाटलीत चिंगी नाही. तिथं मी आहे.