नाही म्हणायचा मान

"आणि एक खोळ जास्तीची शिवा, मावशी," पाळणाघराच्या ताई म्हणाल्या. "आता तुमच्याच घरचं माणूस येतंय इथं झोपायला!"

मावशी गुडघ्यांवर बसून तान्ह्यांच्या गादीचं माप घेत होत्या. तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं, नाहीतर त्यांचा वासलेला आ ताईंना स्पष्ट दिसला असता. पाळणाघराच्या खोळी, लाळेरी, पडदे गेली कित्येक वर्षं त्याच शिवून देत होत्या. इथली मुलं मोठी होऊन मिशा फुटेपर्यंत त्यांनी पाहिली होती. पण घरचं माणूस? त्यांच्या घरात लेक, सून आणि त्या स्वतः. तिघांपैकी या गादीवर मावणारं कुणीच नव्हतं.

"हं," मावशी म्हणाल्या. तोंडात टाचण्या असल्या की माणूस एवढंच म्हणू शकतो.

"सूनबाई मोठ्या धोरणी हं तुमच्या! तान्ह्यांच्या खोलीत माझ्याकडे मोजक्याच जागा. नाव वेळेवर घातलं म्हणून मिळाली. लोक बाळ कडेवर घेऊन येतात आणि म्हणतात, उद्यापासून ठेवा. मी म्हणते, अहो, गेल्या वर्षी यायचं होतंत. तर परवा एकजण म्हणतो कसा, गेल्या वर्षी आमचं लग्नच व्हायचं होतं!"

ताई स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसल्या. मावशींनी तोंडातली एकेक टाचणी काढून गादीला लावली. त्या कामाला त्यांनी हवा तेवढा वेळ घेतला.

"हो ना," शेवटी त्या म्हणाल्या. "आम्ही घरी सगळं बोलूनच ठरवलं."

रस्त्यावर आल्यावर आधी त्यांना आनंद झाला. भर गर्दीत त्या थांबल्या आणि एकट्याच हसल्या. आपण आजी होणार! शेजारून जाणाऱ्या माणसाने वळून पाहिलं तर त्याच्याकडे बघूनही हसल्या. पण चौक ओलांडेपर्यंत डोकं तापायला लागलं होतं. पोटच्या पोरानं आईला ताकास तूर लागू दिली नाही आणि ताईंना मात्र सगळी खबर! आणि घराच्या जिन्याशी पोचेपर्यंत त्याहून मोठा राग आला. नातवंड सांभाळाल का, असं आपल्याला कुणी विचारलंच नाही.

आता खरं सांगायचं तर यात थोडा दोष मावशींचाही होता. "माझं पोर मी मशीन चालवता चालवता वाढवलं. दुसऱ्यांची पोरं वाढवणार नाही, आधीच सांगून ठेवते," हे त्यांचं जाहीर धोरण होतं. सून लग्न होऊन आली आणि बॅग उघडत होती, तेव्हाच त्यांनी ते तिला ऐकवलं होतं. शेजारपाजारच्यांना ऐकवलं होतं. एकदा तर दाताच्या डॉक्टरलाही, तोंडात कापूस असताना. पण ते म्हणजे कापडवाल्यानं सांगितलेला पहिला भाव होता. पहिला भाव काय तोच घ्यायचा म्हणून कुणी सांगतो का? घासाघीस व्हावी, गिऱ्हाईकानं दुकानातून बाहेर जाऊन परत यावं, म्हणून सांगतात तो. ही दोन शिकलेली माणसं मात्र भाव ऐकून मुकाट्यानं दुसऱ्या दुकानात गेली होती.

जेवताना मावशींनी खडा टाकून पाहिला.

"कंबर धरलीय का गं तुझी?"

"नाही, आई," सून म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांत पाहायची. सासूच्या डोळ्यांत मात्र तिनं पाहिलं नाही.

"पाळणाघरांचे दर फार वाढलेत म्हणे."

लेकाला ठसका लागला. तो पार्सलची गाडी चालवायचा, गर्दीत कधी कुणाला धक्का लागू दिला नव्हता, पण घास गिळणं त्याला जमलं नाही.

"पाणी पी. सावकाश," मावशी म्हणाल्या. "तुम्हांला सगळंच घाईनं उरकायची सवय."

सुनेनं चमचा खाली ठेवला. "ताई बोलल्या ना तुमच्याशी?"

"कोण कुठल्या ताई! त्यांना आधी आणि घरातल्या माणसाला नंतर!"

"आई, तीन महिने होईपर्यंत कुणालाच सांगायचं नव्हतं. माझ्या आईलाही अजून माहीत नाही. पण थांबलो असतो तर जागाच गेली असती. माझा निम्म्याहून जास्त पगार तिकडेच जाणार आहे, तरी त्या म्हणाल्या, तुम्ही नशीबवान."

"आणि तूच तर म्हणायचीस, आई," लेक हळूच म्हणाला, "की मी सांभाळणार नाही."

"म्हणत होते! अजून म्हणते! म्हणून विचारायचंच नाही?" मावशींचा आवाज चढला. "विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. रीतसर! गुडघे आहेत, शिवणाचं काम आहे, सगळी कारणं तयार ठेवली होती मी. त्यांचं आता काय लोणचं घालू? तुम्ही विचारायचं, मी नाही म्हणायचं, तुम्ही गळ घालायची, मी बघते म्हणायचं. चार दिवस माझ्या मागेपुढे फिरला असतात तर काय झिजला असतात?"

लेक उठला. हात धुऊन आला आणि नोकरीच्या मुलाखतीला उभं राहावं तसा आईसमोर ताठ उभा राहिला.

"आई, बाळ झाल्यावर तू सांभाळशील का?"

येतानाच मावशींनी मनाशी ठरवलं होतं, की विचारलंच तर शेवटी हो म्हणायचं. पण शेवटी. सुरुवात नकारानेच व्हायला हवी होती.

"नाही," त्या मानेला झटका देऊन म्हणाल्या. "मला जमायचं नाही."

आणि त्या गळ घालण्याची वाट पाहू लागल्या. लेकाचे खांदे खाली आले. सुनेनं चमचा पुन्हा उचलला. दोघांनी क्षणभरच एकमेकांकडे पाहिलं, पण कपडा अंगावर कुठे घट्ट आणि कुठे सैल, हे एका नजरेत ओळखण्यात मावशींचा जन्म गेला होता. दोघं सुटली होती. त्यांच्या नकारानं दोघांना हायसं वाटलं होतं.

"बरं झालं," लेक परत खुर्चीत बसत मोकळेपणानं म्हणाला. "तुझ्या गुडघ्यांनाही..." टेबलाखाली सुनेनं त्याला लाथ मारली.

भांडी घासायची पाळी आपली नसतानाही मावशी ताट घासायला उठल्या. नाही म्हणायचा मान मागितला होता, तो मिळाला. आता तो घेऊन काय करायचं, ते त्यांना कळेना. डोळे भरून आले, म्हणून त्यांनी नळ मोठा सोडला.

थोड्या वेळाने सून स्वतःचं ताट घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, एक विचारू?"

"आता काय राहिलंय विचारायचं?"

"शनिवारी पाळणाघर बंद असतं. आमच्या दुकानात नेमकी शनिवारीच गर्दी, आणि याची गाडीही असते. एका दिवसासाठी कुणीच घेत नाही, सगळीकडे विचारलं." तिचा आवाज बारीक झाला. "मघाशी यानं विचारलं ते तुम्हांला बरं वाटावं म्हणून. मी विचारतेय ते मला दुसरं कुणी नाही म्हणून. शनिवार गेला तर नोकरीही जाईल. किती दिवस धीर होत नव्हता. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटत होती."

'हो' मावशींच्या दातांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं, हात कोरडे केले, पदर सारखा केला.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

बाहेर कुजबुज सुरू झाली. मावशींनी दाराला कान लावला.

"चिडल्यात का रे?"

"नाही म्हणाली नाही ना? मग आशा आहे."

"परत जाऊन विचारू?"

"विचार. पण नीट विचार हं. जरा गोड बोल."

मावशींना हसू आवरेना आणि रडूही. आपण ऐकतोय याचा बाहेर संशय नको, म्हणून त्या झटकन शिवणाच्या मशीनवर बसल्या आणि पायडल मारू लागल्या. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. मशीन मात्र मोठ्या लगबगीचं काम असल्यासारखं खडखडत होतं.

दारावर हलकीशी टकटक झाली. "आई?"

"कामात आहे," मावशी आतून म्हणाल्या, आणि त्यांनी रिकामं मशीन आणखी जोरात चालवलं.