लाकडी पदकवाली

“कापितोलिना येगोरोव्हना, देशाच्या स्पर्धेत तुम्ही खरंच स्कीवर मुतला होतात?”

विचारलं बाई एकदाचं! स्नेझाना आणि ग्लाफिरा दाराबाहेर हातमोजे तोंडात कोंबून हसत होत्या. पैजच तशी होती: विचारलंस तर आठवडाभर तुझ्या स्की आम्ही घासू. मागच्या हिवाळ्यातली मी असते तर चुलीमागे लपले असते. पण आता मी पंधराची आहे आणि भूमिती सोडली तर मला कशाचीच भीती वाटत नाही.

कापितोलिना येगोरोव्हना आमच्या प्रशिक्षिका. वय अठ्ठावन्न, खांदे कपाटासारखे. चौदा हिवाळे त्या मोठमोठ्या शर्यती पळल्या आणि त्यातल्या अकरा शर्यतींत चौथ्या आल्या. चौथ्या नंबराला आमच्याकडे लाकडी पदक म्हणतात. त्यांना तर लाकूड गिरणीतल्या लोकांनी बर्चचं खरंखुरं पदक कापून दिलंय, ताटलीएवढं. त्यावर त्या ओले मोजे वाळत घालतात.

“कोण म्हणतं मुतले?” त्यांनी इस्त्री खाली ठेवली. त्या तिनं मेण वितळवून माझ्याच स्कीवर चढवत होत्या.

“अख्खं गाव.”

“गावाला काय कळतंय! चरबी लावली होती मी. डुकराची. लसूण लावलेली.”

बाहेर ग्लाफिरा किंचाळली. “आत या गं माकडांनो,” बाई ओरडल्या, “दार उघडं टाकून गाव तापवताय का!”

मग त्यांनी सांगितलं. शर्यत तीस किलोमीटरची. सकाळी झाडांच्या सावलीत बर्फ कोरडा होता, म्हणून त्यांनी पायाखाली थंडीतलं मेण लावलं. अकरा वाजता ऊन पडलं, बर्फ चिकट झाला आणि प्रत्येक पावलाला स्कीखाली ढेकूळ जमायला लागलं. “उंच टाचांचे बूट घालून नाचायला निघाल्यासारखी दिसत होते मी. तरी तिसरी होते हं! वाटेत एक म्हातारा पावावर चरबीचे काप ठेवून खात उभा. हिसकावले आणि घासले दोन्ही स्कींना.”

“मग?”

“मग बर्फ चिकटेना. स्की अश्शा पळायला लागल्या! आणि समोर आली चढण.”

आम्ही तिघीही ओरडलो, “अयाई गं!” कारण पायाखालचं मेण चढणीवर बर्फ धरून ठेवतं. चरबी काय धरणार? चढायला गेलं की माणूस मागे.

“पाय निरुपयोगी. नुसत्या काठ्या रोवत, हातांच्या जोरावर चढले. मागून म्हातारा बोंबलत येतोय, माझं जेवण, माझं जेवण! अर्ध्या सेकंदानं चौथी.”

स्नेझाना हसून हसून बाकावरून पडली. मी पण हसले, पण मला पुढचं विचारायचं होतं आणि ते पैजेत नव्हतं.

गोष्ट अशी, की मीसुद्धा चौथीच. प्रांताच्या शर्यतीत. पहिल्या तिघींना शहरातल्या क्रीडाशाळेत वसतिगृहासकट जागा मिळते. तिसरीचं कुटुंब दक्षिणेला समुद्राकाठी राहायला गेलं आणि तिची जागा माझ्याकडे आली. उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. बाबा म्हणत, जा. आई म्हणे, “कुणाच्यातरी उष्ट्यावर कशाला? नर्सिंगला जा, तिथे चौथी आलीस तरी नोकरी लागते.” आणि आज शुक्रवार होता.

“चौथं यायला चौदा वर्षं?” मी म्हणाले. “वेडबिड लागलं होतं का तुम्हाला?”

मला वाटलं, आता इस्त्रीच येते अंगावर. पण बाईंनी माझी स्की उचलली, पायाखालचं सगळं मेण खरवडून काढलं आणि मेणबत्ती घासली. गुळगुळीत.

“सासूच्या जिभेवर चढ,” त्या म्हणाल्या. ती आमची सगळ्यात वाईट चढण. “फक्त काठ्यांवर. स्की तिरक्या करायच्या नाहीत.”

“कशाला पण?”

“तोंड फार चालतं तुझं, उस्त्या. बघू हात चालतात का.”

चढले. म्हणजे चार हात वर गेले आणि सहा हात खाली आले. ग्लाफिरा खालून म्हणाली, “उस्त्या, चढण वरच्या बाजूला आहे!” मध्यावर मी आपटले, दाढेखाली बर्फ आला, काठी पायात अडकली. मी बाईंना अशा शिव्या घातल्या की बाबांच्या ट्रकवाल्या मित्रांनी टोप्या काढल्या असत्या. खांदे सुटून पडतायत की काय असं झालं. तरी पोचले.

खालून बाई घड्याळ बघून ओरडल्या, “एकोणीस मिनिटं! माझी आजी लवकर चढते, आणि ती वारली!”

आणि मला काय वाटलं असेल? रडू? छे. मला वाटलं, तो मधला टप्पा छोट्या छोट्या झटक्यांनी काढला असता तर दोन मिनिटं वाचली असती. मी घसरत खाली आले आणि कुणी काही म्हणायच्या आत पुन्हा चढायला लागले. सोळा मिनिटं. मैत्रिणी गारठून घरी गेल्या. तिसऱ्यांदा चौदा, माझ्याच घड्याळात. बघायला कुणी नव्हतं, बाईसुद्धा आत चहा पीत होत्या, आणि वर मी एकटीच घोड्यासारखी वाफा सोडत खिदळत होते.

घरी आई खिमा भरलेल्या पेल्मेनी उकळत होती. बाबा काटा घेऊन ताटकळत बसले होते. माझा हात दाराची कडी सोडेना, इतका वळला होता.

“काय गं, कुणी मारलं?” आई म्हणाली.

“फोन करा शाळेत,” मी म्हणाले. “मी जाणार. उष्टी जागा तर उष्टी जागा. चौथी येईन, चाळिसावी येईन, ते माझं मी बघेन. आई, रडायचं असेल तर आजच रड, सोमवारी सहाची बस आहे.”